एक पाऊल पुढे

परवा एका खासगी शाळेत प्रमुख पाहुणा होतो. (नाव सांगत नाही, चहा चांगला होता.) नववीच्या मुलांचं युवा नेतृत्व शिबिर, विषय 'विविधता आणि समावेशन'. समावेशन म्हणताना सूत्रसंचालकाचीच जीभ अडखळत होती, म्हणून मुलांच्या बिल्ल्यांवर 'इन्क्लुजन लीडर' छापलं होतं. चाळीस मुलं, चाळीस लीडर. अनुयायी कुणीच नाही. आपल्या पक्षांसारखंच.

मग खेळ झाला. सगळे एका रेषेत उभे. शिबिर घेणाऱ्या ताई सांगणार, मुलं सरकणार. घरात पुस्तकांचं कपाट असेल तर एक पाऊल पुढे. स्वतःची खोली असेल तर एक पाऊल पुढे. विमानात बसला असाल तर आणखी एक. शेवटी वळून मागे राहिलेल्यांकडे बघायचं आणि आपल्याला किती आयतं मिळालंय ते उमजून घ्यायचं, अशी योजना. पण चाळीसच्या चाळीस जण कवायतीसारखे रांगेत जाऊन समोरच्या भिंतीला टेकले. वळून बघतात तर मागे नुसती फरशी!

एका पोराने अगदी निरागसपणे विचारलं, "मिस, मागे कुणी उभं राहायचं?"

ताईंनी दोघांना तात्पुरतं गरीब करून मागे पाठवलं. पोरं खुशीत गेली.

मागे राहणारी मुलं होती हो, गेल्या वर्षापर्यंत याच वर्गात होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अल्पसंख्याक शाळा सोडून बाकी खासगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्याच वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. पण कायद्याची हद्द आठवीपर्यंतच. नववीच्या दारात शाळा म्हणते, पूर्ण फी भरा नाहीतर दाखला न्या. रिक्षावाल्याची पोरगी दाखला नेते. जूनमध्ये तिचा बाक रिकामा होतो आणि ऑगस्टमध्ये त्याच वर्गात समावेशनाचं शिबिर भरतं.

आठवीपर्यंत तरी कुठे सुखाने बसू दिलंय? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियमच फिरवला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेची २५ टक्क्यांतून सुटका. शहरात किलोमीटरभरात अशी शाळा नसते कुठे? मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. तिथे दाद मागायला गेली होती शाळांचीच एक संघटना. समावेशनाचे बिल्ले तेव्हा छापून आले नसावेत.

साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं. सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीत जेवायची. पोरांच्या भाकरीसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा. बिल्ला मात्र कुणाच्याही छातीवर नव्हता.

तर मुख्याध्यापकबाई, शाल-श्रीफळाबद्दल आभार. गेल्या वर्षीचा आठवीचा आणि यंदाचा नववीचा हजेरीपट एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. जी नावं गळलीत, त्या मुलांना फी माफ करून परत बोलवा. शिबिर त्यानंतर घ्या. मी चहालासुद्धा थांबणार नाही.