झाकण लावलंस का?

ज्याला लहानपणी गोम दिसली की आधी दोन्ही कान झाकायला शिकवलं, तोच माणूस चाळिशी ओलांडल्यावर रोख डॉलर मोजून घोण विकत घेतो. असे लोक अमेरिकेत आहेत, जर्मनीत आहेत, जपानातही आहेत. इथे घेतलेला नमुना टेक्सासात, डॅलसच्या एका उपनगरात राहतो. मूळचा सांगलीचा. आडनाव जोशी, पाटील, कांबळे काहीही असू शकेल. आपण त्याला घोणपाळे म्हणू.

घोणपाळे ओळखायचा कसा? तो कुलूप लावून ओढून बघतो. जिन्याच्या चार पायऱ्या उतरतो, परत वर जातो आणि पुन्हा ओढून बघतो. गॅस बंद केला का, हे त्यानं सांगलीहून सुटलेल्या एसटीत तासगाव येईपर्यंत स्वतःला दहादा विचारलेलं असतं. अमेरिकेत रिमोटनं बंद होणारी मोटार आली, तर तो तिचंही हँडल ओढून बघायला लागला. घरच्यांनी या सवयीची वर्षानुवर्षं चेष्टा केली. जगात एका प्राण्याला नेमका असाच मालक लागतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

मुळात मागणी कुत्र्याची होती, तीही मुलीची. घोणपाळेनं नेहमीप्रमाणे एक्सेलचा तक्ता उघडला. वर्षाआड डिसेंबरात चार आठवडे भारतात जायचं, तेवढे दिवस कुत्र्याला ठेवायचा खर्च. मांजराचे केस बायकोला सोसत नाहीत. मासे मरतात आणि मुलगी रडते. तक्ता उजवीकडे सरकत गेला आणि एका रकान्यात ‘केस नाहीत’, ‘भुंकत नाही’, ‘फिरायला न्यावं लागत नाही’, ‘आठवड्याला एक झुरळ’ अशा नोंदी एकाखाली एक जमल्या. त्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं: स्कोलोपेंड्रा. मुलगी दुसऱ्या दिवसापासून वडिलांशी बोलेनाशी झाली.

आईला फोनवर सांगताना आवाज जरा तुटला.

“घोणस पाळतोयस?”

“घोणस नव्हे गं, घोण. गोमेची थोरली बहीण.”

यावर ‘मग ठीक आहे’ असं आई म्हणाली नाही.

मग सुरू झाला अभ्यास. घोणपाळे आधी पंधरा दिवस वाचतो आणि मग आठवडाभर वाचलेलं इतरांना ऐकवतो. शतपाद हे नावच खोटं आहे, हे त्यानं मंडळाच्या गणेशोत्सवात मोदकाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगितलं. घोणीच्या पायांच्या जोड्या जातीनुसार 15 पासून 191 पर्यंत असतात, पण त्या नेहमी विषम असतात. शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या, म्हणजे सम. तेव्हा शंभर पाय मोजून भरतील अशी घोण सापडायची नाही. पाळायच्या मोठ्या घोणींना बहुधा 21 जोड्या, म्हणजे 42 पाय. शिवाय डोक्यामागची पायांची पहिली जोडी चालायला नसतेच. तिचे विषाचे चिमटे झालेले असतात. म्हणजे घोण चावते असं आपण म्हणतो तेव्हा ती खरं तर पायांनीच काम उरकते. रांगेतल्या एका काकूंनी मोदक न घेताच रांग सोडली.

नवशिक्याला पहिला मोह होतो तो सगळ्यांत मोठीचा. दक्षिण अमेरिकेतली स्कोलोपेंड्रा जायगॅंशिया तीस सेंटीमीटरपर्यंत वाढते, म्हणजे शाळेच्या कंपासपेटीत न मावणाऱ्या पट्टीएवढी. व्हेनेझुएलातल्या गुहांमध्ये ती छताला मागच्या पायांनी लटकून उडती वटवाघळं पकडते, अशा नोंदी 2005 मध्ये प्रसिद्ध झाल्या. घोणपाळेनं ही माहिती मोठ्या कौतुकानं बायकोला वाचून दाखवली. तिनं एकच विचारलं, “छताला लटकते? मग झाकण कशाचं आहे?” या घरातला झाकणाबद्दलचा हा पहिला प्रश्न. नंतर ते मोजायचं सगळ्यांनी सोडून दिलं.

दुसरा मोह व्हिएतनामी घोणीचा. लांबलचक, देखणी, त्या मानानं स्वस्त, आणि डब्याचं झाकण उघडलं की आधी पळणारी व मग विचार करणारी. तिसरा मोह देशप्रेमाचा. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत अंगावर काळे-नारिंगी पट्टे असलेली एक घोण सापडते. न्यूपोर्ट नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1844 मध्ये तिला स्कोलोपेंड्रा हार्डविकी हे नाव दिलं. हार्डविक हा ईस्ट इंडिया कंपनीचा सेनाधिकारी आणि हौशी प्राणिसंग्राहक. परदेशातले हौशी लोक हिला ‘इंडियन टायगर’ म्हणतात आणि तिच्यासाठी झुरतात. घोणपाळेच्या डोळ्यांत पाणी आलं. मग किंमत बघितली आणि ते आटलं. तेही बरंच झालं. रानातून खणून काढलेला प्राणी सात समुद्रापार विकत घेण्यात कसलं देशप्रेम?

शेवटी ठरली ती तो राहतो त्याच मुलखातली, अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातली स्कोलोपेंड्रा पॉलिमॉर्फा. दहा ते पंधरा सेंटीमीटर, काटक, थोडा कोरडेपणा चालवून घेणारी, खायला नखरे न करणारी. लग्नाच्या स्थळांत जिला ‘गृहकृत्यदक्ष’ म्हणत, तशी.

आता घोण निवडायची कशी? घोणपाळेच्या घराण्यात तीन पिढ्या वांगी दाबून, भेंडीचं टोक मोडून बघत आल्या आहेत. प्राण्यांच्या बाजारात विक्रेत्यानं पारदर्शक डबा पुढे केला, तेव्हा तो आईसारखाच डोळे बारीक करून बघायला लागला. मिशा दोन्ही शाबूत आहेत का? मागचे लांब पाय तुटलेले तर नाहीत? अंग टरारलेलं आहे की सुरकुतलेलं? सांध्यांतून बारीक पांढरे किडे फिरताहेत का? एखादा पाय गेलेला असला तर हरकत नाही. कात टाकता टाकता तो पुन्हा येतो. डबा हलवल्यावर मात्र घोणीनं खडबडून उठायला हवं. स्वस्थ पडून राहणारी गरीब म्हणून घेऊ नये. ती आजारी असते. पूर्वी घोडा घेताना त्याच्या अंगावरची केसांची रेघ बघत, त्या रेघेलाही गोमच म्हणत. इथे तर साक्षात गोमच घ्यायची, तिच्यात गोम शोधायची म्हणजे कठीणच.

एक प्रश्न त्यानं विचारला: नर की मादी? विक्रेता हसला. वरून बघून हे कुणालाच सांगता येत नाही.

पण खरी अक्कल लागते ती घरात, म्हणजे घोणीच्या घरात. घोणपाळेनं आधी काचेची सुंदर टाकी आणली. मागे खडकाचं चित्र, वर जाळीचं झाकण. गुळगुळीत काचेवर घोण चढू शकत नाही, हे त्यानं वाचलं होतं. टाकीच्या चारही कोपऱ्यांत काचा जोडायला सिलिकॉनची रेघ असते आणि त्या रेघेला घोणीची नखं अडकतात, हे त्यानं नंतर वाचलं. म्हणजे चार कोपऱ्यांत चार शिड्या. त्यात वरची जाळी प्लॅस्टिकची, जी ती कुरतडू शकते. टाकी दुसऱ्याच दिवशी बायकोनं पुदिना लावायला घेतली.

मग आला जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, चारही बाजूंना खटके असलेला. हिशेब साधा आहे. घोण मागच्या पायांवर उभी राहून जवळजवळ स्वतःच्या लांबीएवढी वर पोचते. म्हणून मातीपासून झाकणापर्यंतची उंची तिच्या लांबीच्या किमान दीडपट हवी. घोण तेरा सेंटीमीटरची, तेव्हा वर वीस सेंटीमीटर मोकळे आणि खाली दहा सेंटीमीटर माती. डबा तीस सेंटीमीटर उंच. हवेसाठी भोकं हवीत, पण घोणीच्या डोक्यापेक्षा बारीक. डोकं गेलं की चपटं अंग पाठोपाठ जातंच. घोणपाळेनं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून जपलेलं सोल्डरिंग आयर्न काढलं. एकेक भोक पाडून तो त्यात उदबत्तीची काडी घालून बघायचा. काडी जाते, पेन्सिल जात नाही: पास.

मातीत मिसळायला नारळाच्या काथ्याची वीट आणली. सांगलीहून दर मे महिन्यात तो मामाकडे कोकणात जायचा, तिथे हीच सोडणं बंबात जाळून आंघोळीचं पाणी तापायचं. आता तोच भुसा दाबून, वीट करून, डॉलरला. वीट पाण्यात टाकली की रव्यासारखी फुलते. घोणीच्या अंगातलं पाणी कीटकांपेक्षा लवकर उडतं, म्हणून मातीचा एक कोपरा ओलसर, वर झाडाच्या सालीचा तुकडा, आणि पाण्याची चपटी वाटी. वाटी हळदीकुंकवात मिळालेली होती.

झुरळांचं प्रकरण नाजूक होतं. सांगलीत झुरळं घालवायला पैसे द्यावे लागतात, डॅलसमध्ये ती आणायला. झुरळं वेगळ्या डब्यात, त्यांना गाजर वेगळं. म्हणजे पाळीव प्राण्याच्या जेवणालाही जेवण. झुरळ सोडायचं ते तीस सेंटीमीटर लांब चिमट्यानं, कारण आखूड चिमटा म्हणजे घोणीला हाताकडे यायचा जिना. सगळं काम कोरड्या बाथटबमध्ये डबा ठेवून. दार बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल. बाहेरून बायकोचा आवाज: “झाकण?” आतून: “लावतोय!”

बायकोनंही आता वाचन सुरू केलं होतं. चिनी लाल डोक्याची घोण आपल्या पंधरापट वजनाचा उंदीर तीसेक सेकंदांत गारद करते, हा 2018 मधला शोधनिबंध तिला झोपताना सापडला. ही ती जात नव्हे, आणि घोणीच्या विषानं धडधाकट मोठा माणूस सहसा दगावत नाही; फक्त ठणका लागतो, सूज येते. ‘फक्त’ या शब्दावर घरात बरीच चर्चा झाली.

एवढं करून दिसतं काय? माती. घोण निशाचर; दिवसा सालीखाली, नाही तर जमिनीच्या पोटात. पाहुणे दिवाणखान्यात यायचे, घोणपाळे डब्यावरचं फडकं जादूगारासारखं बाजूला करायचा आणि सगळे मिळून ओल्या भुश्याकडे बघायचे. “छान आहे,” असं म्हणून लोक चहाकडे वळायचे. घोण पाळतो म्हणणारा हा माणूस खरं तर एक झाकण पाळत होता. रोज रात्री झोपायच्या आधी चार खटके, एकेक ओढून.

जूनमध्ये आई आली. आयुष्यभर गोम म्हटलं की तिचा हात आधी चपलेकडे गेलेला. डब्याकडे ती आठवडाभर फिरकली नाही. मग एका दुपारी, सगळे बाहेर गेलेले असताना, चष्मा पुसून तिनं डब्यात डोकावलं. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा ती त्या खोलीत पडदा ओढून बसली होती.

“अरे, हिनं घातलीत की.”

डब्याच्या कडेला, मातीत कोरलेल्या पोकळीत घोण वेटोळं घालून पडली होती. पायांच्या आत, छातीशी धरावा तसा, पिवळसर अंड्यांचा घोस. रानातून आलेल्या मादीच्या पोटी हे पुष्कळदा असतं. ती अंडी चाटून स्वच्छ ठेवते, नाही तर बुरशी धरते; पिल्लं चालती होईपर्यंत तोंडात काही घेत नाही; आणि त्रास दिला तर स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. घोणपाळेनं हे सगळं एका दमात आईला सांगितलं. पुढची यादी आईनं केली. खोलीत मोठ्यानं बोलायचं नाही. मिक्सर दार लावून. टॉर्च मारायचा नाही. झाकण, अजिबात नाही.

“खाणार नाही म्हणतोस दीड-दोन महिने?” आई म्हणाली. “हिचाही चातुर्मासच की.”

मुलीनं आजीशेजारी बसून हळूच चित्र काढलं. वडिलांशीही ती दोन वाक्यं बोलली, तीही कुजबुजत.

गणपतीच्या वर्गणीला मंडळाची चार माणसं आली. मोदकाची रांग सोडणाऱ्या काकूही होत्या. घोणपाळे सवयीनं फडक्याकडे वळला, तेवढ्यात आईनं वाट अडवली आणि चिवड्याची बशी त्याच्या हातात दिली.

“आज नाही हं दाखवता यायची,” ती पाहुण्यांना म्हणाली. “बाळंतीण आहे.”

आणि जाता जाता तिनं डब्याचे चारही खटके एकेक करून ओढून बघितले.