पावतीवरचं नाव

शाळेच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरवायला काहीच लागत नाही. कुणीतरी ग्रुपवर 'एकदा भेटायला हवं रे' असं लिहितं, की धडाधड अंगठे येतात. कार्यालय बघायला एखादा हौशी गडी मिळतो, तो आगाऊ रक्कम भरून येतो आणि दोन दिवस त्याचं तोंडभरून कौतुक चालतं. पण तारीख जवळ आली, की कुणाच्या मुलीची परीक्षा निघते, कुणाची सासू येते, तर कुणाला त्याच आठवड्यात रजा मिळत नाही. मग प्रश्न उरतो, कार्यालयवाल्याला 'नको' सांगायला जायचं कुणी? त्यावर ग्रुप एकमताने गप्प बसतो. पावती ज्याच्या नावावर, त्याने जायचं, हे न बोलताच ठरतं. आमच्या बॅचच्या पावतीवर माझं नाव होतं.

व्यवस्थापकांनी लांबलचक वही काढली. नुसती विचारणा झालेल्या तारखा त्यात पेन्सिलीने लिहिलेल्या, आगाऊ रक्कम आलेल्या बॉलपेनने. आमचं नाव बॉलपेनने, वर दोनदा गिरवलेलं.

"काका, लोकच जमत नाहीयेत हो."

"तुमचे लोक जमले नाहीत साहेब, पण माझी तारीख अडली ना? मुंजवाले येऊन परत गेले." असं म्हणत त्यांनी पावती उलटी केली आणि 'भरलेली रक्कम परत मिळणार नाही' या ओळीवर बोट ठेवलं. यावर मी काय बोलणार? कार्यालयाची तारीख म्हणजे मेथीची जुडी. त्या दिवशी खपली तर खपली.

ही हकिगत ग्रुपवर टाकताच आमच्या वकील मित्राने भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ७४ धाडून दिलं. करार मोडला तर समोरच्याला वाजवी भरपाई मिळते, आणि ती करारात लिहिलेल्या आकड्याच्या वर जात नाही, असं त्याचं सार. कलम उत्तम होतं. फक्त ते घेऊन माझ्याबरोबर यायला वकीलसाहेबांना सवड नव्हती.

मग त्यानेच लंडनचा एक खटला सांगितला. सातव्या एडवर्डची राज्याभिषेकाची मिरवणूक बघायला हेन्री नावाच्या गृहस्थांनी पॉल मॉल रस्त्यावरच्या खोल्या दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना ठरवल्या आणि २५ पौंड आगाऊ दिले. जून १९०२ मध्ये ऐन वेळी राजाचं ॲपेंडिक्स बळावलं, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा ऑगस्टवर गेला. मालकाने उरलेले ५० पौंड मागितले. मिरवणूकच नाही तर खोल्या घेण्याचं कारणच संपलं, असं म्हणत १९०३ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. आधी दिलेल्या २५ पौंडांचा दावा मात्र हेन्रींनी अपिलात सोडून दिला.

म्हणजे खुद्द राजा आजारी पडला तरी आगाऊ रक्कम गेली ती गेलीच. तिथे आमच्या सासवा आणि रजा कुठे पुऱ्या पडणार?

मी पुन्हा गेलो, पण या वेळी कलम वगैरे काढलं नाही. "मुंजवाल्यांना फोन करून बघता का?" एवढंच विचारलं. काकांनी केला. मुंजवाले अजून कार्यालयाच्या शोधातच होते. आमच्या नावावर आडवी रेघ आली, निम्मे पैसे हातात पडले, आणि काका म्हणाले, "पुढच्या वेळी आधी पेन्सिलीने लिहू."

हिशेब ग्रुपवर टाकल्यावर सर्वांत आधी विचारणा केली ती ज्याने वर्गणीच भरली नव्हती त्याने. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. होकार द्यायला गाव जमतं, नकार पोचवायला एकट्यानेच जावं लागतं, ही जुनीच रीत आहे. म्हणून आता कुणी कार्यालय ठरवायला निघालं, की मी एकच सल्ला देतो: पावती दोघांच्या नावावर करा. पैसे बुडायचे तेवढे बुडतातच, पण परत येताना चहाला सोबत असते.