अर्ध्या मिलिमीटरचा बाजार

एअर रायफलच्या निशाण्यावर अगदी मधोमध दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. हे वाक्य जिथं संपलं तिथला पूर्णविरामही कदाचित त्याच्याहून अंगानं भरलेला असेल. नेमबाजानं दहा मीटर लांब उभं राहून त्या ठिपक्याला गाठायचं, म्हणजे साडेचार मिलिमीटर रुंदीचा, ठिपक्याच्या नऊपट मोठा शिशाचा पेलेट बरोबर त्याच्यावर नेऊन ठेवायचा. एवढ्यानंही माणसाचं समाधान झालं नाही, म्हणून पुढे दहाचेही दशांश पाडले. आता नुसता दहा मारून भागत नाही, १०.० आणि १०.९ यांच्यामध्ये केवढी तरी चढण आहे. पूर्णत्वालाही पोटमाळे असतात, हे मला या खेळामुळे कळलं. साठ फैरी झाडायच्या, प्रत्येक १०.९ पडली तर बेरीज होते ६५४, आणि पृथ्वीवर तेवढी अजून कुणाची झालेली नाही.

ठिपका असा धुळीच्या कणाएवढा असला, तरी त्याच्याभोवती उभा राहिलेला बाजार मात्र चांगला ऐसपैस आहे. कॅनव्हासचं ताठ जॅकेट, तसलीच पँट, सपाट तळाचे बूट, जाड हातमोजा, न मिटताच डोळा झाकणारी पांढरी पट्टी, उजेड कमीजास्त करणारी आयरिस, नळीला लावायची वजनं, गालाखालचा आधार, खांद्यामागचा आधार, आणि फैरींच्या मधे रायफलीलाही जरा टेकता यावं म्हणून स्टँड. या सगळ्यांतून खरं तर एकच वस्तू विकली जात असते, ती म्हणजे स्थैर्य. ते तुकड्यातुकड्यांनी मिळतं आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी पावती होते.

माझी या बाजाराशी ओळख झाली ती भाचीमुळे. ती आत रेंजवर असते आणि आम्ही बाहेर बाकावर. नेमबाजांच्या पालकांचा हा बाक म्हणजे एक स्वतंत्र समाज आहे. क्रिकेटच्या मैदानाबाहेरचे आईबाप ओरडू शकतात, कबड्डीवाले तर शिव्याही देऊ शकतात. इथं खोकायचीसुद्धा चोरी. आत मूल श्वास धरून उभं, बाहेर बाप श्वास धरून बसलेला. मनात साचलेल्या मायेला तोंडावाटे बाहेर पडायची सोय नाही, म्हणून ती खिशावाटे पडते. गेल्या खेपेला आठाचे शॉट पडले का? मग बूट बदलून बघू. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं, आणि त्यानंतर तर आमच्या बाकावर बसायला जागा मिळेनाशी झाली. रेल्वेतला तिकीट तपासनीस ऑलिंपिक पदक घेऊन येतो म्हटल्यावर कुठल्या बापाला आपली कारटी अशक्य वाटेल?

आमचे भाऊजी या समाजातले ज्येष्ठ सभासद. त्यांची सगळी नोकरी यंत्रांच्या सहवासात गेली, त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुखण्याचा एक सुटा भाग कुठंतरी मिळतोच, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्या माळ्यावर एक खोकं आहे. त्यावर त्यांनी स्वच्छ अक्षरांत ‘शूटिंग – इतर’ असं लिहिलं आहे. या ‘इतर’मध्ये दोन्ही बाजूंना झापडं असलेली टोपी आहे, ती घालून भाची टांग्याला जुंपल्यासारखी दिसत असे. तळहाताला लावायची पावडर आहे. नळीला लावायची वजनं आहेत. ती लावली की रायफल कमी हलते हे खरंच, पण मूळच्या चारेक किलोंत ही भर पडल्यावर पाचव्या फैरीपासून भाचीच हलू लागली. नियमानं रायफल साडेपाच किलोंपर्यंत चालते. खांदा किती किलोंपर्यंत चालतो हे नियमात कुठंच नाही. गंमत अशी, की खोक्यातली एकही वस्तू मोडलेली, फसवी किंवा बनावट नाही. जिनं जे सांगितलं ते तिनं केलं. तरीही प्रत्येक वस्तू घरात वरात घेऊन आली आणि पंधरवड्यात माळ्यावर चढली.

पेलेटचं प्रकरण याहून नाजूक. वरून सगळे साडेचार मिलिमीटरचेच. पण डब्यावर बारीक अक्षरांत पाहावं तर कुणी ४.४९, कुणी ४.५०, कुणी ४.५१. एका मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि त्यावरून घराघरांत दोन तट! त्याच मापातही पुन्हा लॉट नंबर. एकाच कारखान्यातला, एकाच मापाचा, एकाच वजनाचा पेलेट या लॉटमधला असेल तर एका नळीशी सुखानं नांदतो आणि पुढच्या लॉटमधला तिच्याशी भांडतो. म्हणून जाणती मंडळी आधी पत्रिका पाहतात. रायफल शिकंज्यात घट्ट आवळायची, वेगवेगळ्या लॉटचे पेलेट तिच्यातून झाडायचे, आणि ज्याची भोकं एकमेकांवर पडून जवळजवळ एकच भोक दिसेल, त्या लॉटचे मिळतील तेवढे डबे उचलायचे.

भाचीच्या रायफलीची ही परीक्षा पाहायला मीही गेलो होतो. शिकंजा हा फार निर्विकार प्राणी. त्याला नाडी नाही, परीक्षेचा ताण नाही, बाहेर बाकावर बसलेला बाप नाही. त्यानं दहा पेलेट झाडले आणि कागदावर मसुराएवढं एकच भोक उमटलं. भाऊजींचा चेहरा उजळला. भाची मात्र त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मामा, हिला माझी गरजच नाहीये.” रायफलीचा नेम पहिल्यापासून उत्तमच होता, मधे काय ते माणूस आलं होतं.

तेव्हा मला जत्रेतली फुग्यांची बंदूक आठवली. पाळणे, रेवड्या, मौत का कुआँ या सगळ्यांच्या पलीकडे एका फळीवर रंगीत फुगे टाचलेले असायचे आणि समोर स्प्रिंगची बंदूक मोडून त्यात छर्रा घालून देणारा माणूस असायचा. आमचे आप्पा दरवर्षी तिथं थांबत. टोपी मागं सरकवत, एक डोळा मिटत, सगळी जत्रा क्षणभर थबकली आहे अशा थाटात चाप ओढत. आणि फुगा वाऱ्यावर तसाच डुलत राही. मग आप्पा बंदूक आडवी धरून नळीवरून नजर फिरवत आणि न्यायाधीशाच्या सुरात म्हणत, “वाकडी आहे.” बंदूकवाला हसे, ती वाकडी आहे हे त्यालाही ठाऊक होतं. पुढच्या फैरीला आप्पा वाकडेपणाचा हिशेब धरून चार बोटं डावीकडे नेम धरत. कधी लागे, कधी लागत नसे. लागला तर आप्पांचं कसब, नाही लागला तर नळीचा दोष. आमचे वडील अखेरपर्यंत अचूक नेमबाज राहिले, कारण उभ्या आयुष्यात त्यांच्या हाती कधी सरळ नळी आली नाही.

भाऊजींच्या खोक्याकडे मी आता याच नजरेनं पाहतो. घरात नवी वस्तू आली, की एक जुनी सबब घराबाहेर जाते. पूर्वी बूट घसरायचे, म्हणून शॉट जायचा. चांगले बूट आले, आता बुटांना काही म्हणता येत नाही. मग जॅकेट ढिलं होतं, ते बदललं. मग साइट धूसर होती. मग पेलेट. असं करत करत शेवटी पोर अशा जागी येऊन उभी राहते, जिथं तिच्यात आणि ठिपक्यात एकही तक्रार उरलेली नसते. एवढे पैसे मोजून असली उघडी जागा विकत घ्यायची! मग वस्तू पाहून मन खट्टू होतं यात नवल ते काय?

भाऊजींची त्यानंतरची खरेदी तर या बाबतीत निष्ठुरच निघाली. रायफलीच्या नळीला लावायचं एक छोटं उपकरण असतं. नेम कुठून कसा आला, कुठं रेंगाळला, चाप ओढताना कुठं होता, याची रेघ ते संगणकाच्या पडद्यावर काढतं. आधी हिरवी, शेवटच्या सेकंदाला पिवळी, अगदी शेवटी निळी, आणि शॉट सुटल्यावर लाल. घरच्या हॉलमध्ये भाची दगडासारखी उभी. मला शपथेवर विचारलं असतं तरी ती हलत नाही असंच मी सांगितलं असतं. पडद्यावर मात्र भूकंपमापकाच्या कागदासारखा गुंता. त्या गुंत्यात तिचा श्वास होता, छातीची धडधड होती, दुपारी मैत्रिणीशी झालेला अबोलाही असावा. “हे थांबत नाही का?” भाऊजींनी विचारलं. ताई आतून म्हणाली, “अहो, जिवंत आहे ती.”

या खेळात पुढे गेलेल्यांनाही हे चुकलेलं नाही, तेवढाच दिलासा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा ५९७ गुणांसह तिसऱ्या क्रमांकानं अंतिम फेरीत गेला आणि तिथं सातवा आला. पुढे कळलं, की त्याच्या लेनमधली पायाखालची फरशी सैल होती. सगळं जगातलं उत्तमातलं उत्तम, आणि त्याखाली ती डुगडुगणारी फरशी! आपल्याकडे फरशी सैल झाली तर गवंड्याला बोलावतात. यानं सरावासाठी मुद्दाम सैल फरशी बसवून घेतली आणि तिच्यावर उभं राहायला शिकला. बीजिंगला २००८ मध्ये अंतिम फेरीआधी त्याच्या रायफलीची साइट हललेली निघाली, सरावाचा शॉट चारात गेला. यानं साइट जागेवर आणली आणि शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्णपदक घेतलं. ही गोष्ट भाऊजींना मी फार उत्साहानं सांगितली. ते विचारात पडले आणि म्हणाले, “तसली फरशी कुठं मिळत असेल?”

टोकियोत तर मनू भाकरच्या पिस्तुलाची कळच ऐन स्पर्धेत मोडली. घड्याळ चालू, आणि ती दुरुस्तीत अडकलेली. हिशेबाची मिनिटं गेली ती गेलीच, अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं दोन पदकं घेतली. त्याच पॅरिसच्या दिवसांत बाकावर एक छायाचित्र फिरत होतं: तुर्कस्तानचा युसुफ दिकेच, वय ५१, अंगात साधा टी-शर्ट, डोळ्यांवर नेहमीचा चष्मा, एक हात खिशात, आणि मिश्र सांघिक पिस्तुलाचं रौप्यपदक. भिंगं नाहीत, झापडं नाहीत. बाकावर सुतकी शांतता पसरली. ज्यांनी नुकतीच आयरिस घेतली होती ते तर बोलेचनात. मग एक आई चाचरत म्हणाली, “खिसा तर पँटबरोबर फुकटच मिळतो ना हो?” खरं म्हणजे पिस्तूलवाले झाडून सगळेच दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवतात, नाहीतर तो मोकळा हात झुलत राहतो. आणि दिकेचची ही पाचवी ऑलिंपिक होती. पण छायाचित्रात मागच्या चार कुठून दिसणार?

जॅकेटची कथा मात्र वेगळी, तिथं सबबीबिबबींचा संबंध नव्हता. हे जॅकेट मापाचं शिवून घ्यावं लागतं, आणि त्याची झडतीही कडक असते. कापड अडीच मिलिमीटरपेक्षा जाड नको, ठरल्यापेक्षा ताठ नको, दोन्ही तपासायला वेगवेगळी यंत्रं. भाऊजींनी टेप घेऊन भाचीची छाती, पाठ, दंड, मनगट सगळं मोजलं, एकदा आडवं, एकदा उभं, एकदा श्वास सोडायला लावून. कागदावर आकडे लिहून पाठवले. महिने गेले. जॅकेट आलं ते देखणं, निळंपांढरं, उभं ठेवलं तर माणसाशिवाय उभं राहील असं. भाचीनं घातलं आणि बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे थांबल्या. माप अचूकच होतं, शिलाई अचूक होती. दरम्यान पोरगी उंच झाली होती. सगळ्या घरानं तिच्या डोळ्यांदेखत तिला स्थिर करायचा एवढा आटापिटा केला आणि ती तेवढ्यात वाढून मोकळी झाली. भाऊजी रागावायला म्हणून तोंड उघडून उभे होते, पण रागवायचं कुणावर? शेवटी त्यांनी तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि पेन्सिलनं खूण केली.

गेल्या महिन्यात ते जॅकेट गिऱ्हाइकाला दाखवलं. बाकावरच्याच एका नव्या कुटुंबातला मुलगा, गेल्याच आठवड्यात रायफल धरायला लागलेला. भाऊजींनी कॉलरच्या आतलं भाचीचं नाव दाखवलं, बटणं लावून दाखवली, आणि किंमत सांगताना स्वतःच निम्म्यावर आले. मुलगा आत शिरला. हातांची बोटंही दिसेनात. जॅकेट आहे आणि त्याच्यावर एक डोकं ठेवलं आहे, असं ते दृश्य. त्यानं चार पावलं टाकून पाहिली तर पेंग्विनही बरा. त्याच्या वडिलांनी काळजीनं विचारलं, “जरा मोठं नाही होत?” भाची काही बोलणार, एवढ्यात त्याच्या आईनं पाकीट उघडलंही. ती म्हणाली, “असू दे हो. वाढत्या अंगाचं आहे.”