दवंडीवाला

प्रत्येक ऑफिसात असा एक असतोच. आमच्या हिंजवडीतल्याला आम्ही दवंडी म्हणतो. जुन्या दवंडीवाल्याकडे एकच हलगी असायची, ती वाजवून झाली की तो घरी जायचा. ह्याच्याकडे चार आहेत. आधी मेल. मग टीम्सवर, ‘मेल टाकलाय.’ मग व्हॉट्सॲपवर, ‘टीम्स बघा.’ आणि शेवटी फोन : “व्हॉट्सॲप बघितलंस का? बरं राहू दे, मीच सांगतो.”

सांगायचं काय, तर तिसऱ्या मजल्यावरचं कॉफीचं मशीन बंद आहे. मी साताऱ्यात, माझ्या घरी.

मार्च २०२० मध्ये लॅपटॉप पोटाशी धरून मी जो घरी आलो, तो आता फक्त बोलावतील तेव्हा जातो. दवंडी मात्र रोज ऑफिसात. त्यामुळे आम्हा घरबश्यांना ‘लूपमध्ये ठेवणं’ ही जबाबदारी त्याने आपणहून अंगावर घेतली आहे. टीममध्ये माणसं अकरा, व्हॉट्सॲप गट सात. एकाचं नाव ‘फक्त कामाचं’, दुसऱ्याचं ‘फक्त कामाचं नवीन’. साहेबांना वगळून काढलेला एक होता, त्यात त्यानेच साहेबांना घातलं. २०२२ साली व्हॉट्सॲपने गटाची मर्यादा १०२४ माणसांवर नेली, तेव्हा हा पेढे वाटायचाच बाकी होता.

सीसी म्हणजे मुळात कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या काळात चौथ्या-पाचव्या प्रतीवरची अक्षरं पुसट व्हायची, म्हणून कळवणाऱ्याच्या उत्साहालाही आपोआप आवर बसायचा. दवंडीचा पन्नासावा सीसीदेखील ठसठशीत उमटतो.

गंमत अशी, की जे कळायला हवं ते यातल्या कशातच नसतं. ते ठरतं गेटबाहेरच्या टपरीवर, कटिंग पिताना. प्रोजेक्टची तारीख अलीकडे आली, माझं काम दुसऱ्याला गेलं, हे मला पंधरा दिवसांनी कळतं. विचारलं, तर दवंडी दुखावतो. “अरे, ठरलं ना परवा! तू नव्हतास का चहाला?”

गेल्या महिन्यात मीटिंगला सगळ्यांनी ऑफिसात यायचं, असं ठरलं. चारही हलग्या वाजल्या. कंदी पेढ्यांचा खोका घेऊन मी पहाटेच्या एसटीत बसलो, वाकडला उतरलो, पुढचे पाच किलोमीटर रिक्षात तासभर काढले. मजल्यावर दिवेसुद्धा लागलेले नव्हते.

“आज सगळे घरून आहेत साहेब,” सिक्युरिटीवाले मामा म्हणाले. “काल संध्याकाळी टपरीवर ठरलं. त्या साहेबांनी मला आवर्जून सांगितलंय, कुणी आलंच तर कळवा म्हणून.”

मामांना दोन पेढे दिले, एक स्वतः खाल्ला. तेवढ्यात फोन वाजला.

“लिंक टाकलीय रे मेलवर. सगळे आलेत, तुझाच पत्ता नाही. आहेस कुठे तू?”