तुमचा हवापालट आम्हांला मानवला नाही

प्रति,
हॉटेलचे मालक,
समुद्रापासून अवघ्या पन्नास पावलांवर, तारकर्लीच्या वाटेवर



पत्रास कारण की, गेल्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या तोंडावर, आम्ही सहा जण तुमच्याकडे तीन रात्री राहून आलो. पैकी पहिली रात्र झोपेत गेली, दुसरी मालवणच्या डॉक्टरांच्या बाकड्यावर आणि तिसरी संडासाच्या रांगेत. निघताना तुमच्या मॅनेजरसाहेबांनी मोठ्या आपुलकीने सांगितलं, "हवापालट झाला ना, थोडं होतंच असं." तेव्हापासून मी या हवेचाच विचार करतो आहे. किती शिस्तीची हवा! बरोबर तुमच्याकडे जेवल्यावरच बाधते.

खोलीबद्दल फार बोलत नाही. चादरीत वाळू होती. "समुद्रकिनारा आहे साहेब, वाळू असणारच," असं उत्तर मिळालं. मान्य. पण वाळूबरोबर एक हेअरपिनही होती, ती काही भरतीबरोबर आली नसावी.

मुख्य मुद्दा सुरमईचा. तुमच्या पाटीवर खडूने ठळक लिहिलं होतं : 'आजची सुरमई'. आता महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मासे या दिवसांत अंडी घालतात, आणि समुद्रही कोणाला आत घेण्याच्या मनःस्थितीत नसतो. बिगरयांत्रिक होड्यांना सूट आहे, हे खरं. पण त्या दिवशी लाटा तुमच्या कंपाउंडच्या भिंतीवर आपटत होत्या. तशात कोणी वल्ही मारत जाऊन आमच्यासाठी हातभर सुरमई आणली असेल, तर त्या माणसाचा सत्कार करा, वर्गणी मी देतो. 'आजची' म्हणजे 'आज फ्रीजरमधून काढलेली' असाही अर्थ होतो, हे आम्हांला तेव्हा सुचलं नाही.

माझी आई देवबागची. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "जिभेला चुणचुणतंय रे." तुमचा वाढपी म्हणाला, "मालवणी मसालो आसा, आजी." आईला मालवणी मसाला समजावून सांगणारा माणूस मी प्रथमच पाहिला. पण परक्याच्या पानावर बसून नावं ठेवायची नाहीत, या जुन्या वळणाची ती. तुकडी संपवली. वर मॅनेजरनी सोलकढीचा आग्रह केला, "ही प्यायली की मासे बाधत नाहीत." तीही प्यायली.

अर्ध्या तासात तिचं तोंड कोकमासारखं लाल झालं, अंगभर खाज सुटली, डोकं ठणकायला लागलं. पाठोपाठ माझंही. मॅनेजर म्हणाले, "ऊन लागलं असेल." त्या दिवशी सूर्य एकदाही दिसला नव्हता.

रात्री दहाला उठवलेल्या डॉक्टरांनी आईकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "बांगडा की सुरमई?" या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा उबेत पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करून ठेवतात. पुढे मासा तळा, उकळा, पुन्हा गोठवा, ते काही जात नाही. सोलकढीलाही ते जुमानत नाही. पुष्कळदा वासही येत नाही, जीभ तेवढी चुणचुणते. म्हणजे सबंध हॉटेलात तपासणीचं एकच यंत्र चालू होतं, माझ्या आईची जीभ. आणि त्याला तुम्ही मसाला शिकवलात.

मासा उबेत कसा पडला, हेही कळलं. आदल्या रात्री वीज नव्हती. तुमचा जनरेटर तत्परतेने सुरू झाला आणि दारातलं कारंजं, त्यातल्या रंगीत दिव्यांसकट, रात्रभर उडत राहिलं. स्वयंपाकघरातला फ्रीजर जनरेटरवर नाही. हे वाढप्यानेच सांगितलं, त्याला रागावू नका.

तिसऱ्या दिवशी आम्ही मासे सोडले आणि आम्रखंडाकडे वळलो. ते टेबलावर सकाळपासून उघडं होतं, आणि ते घोटणाऱ्या पोराच्या बोटाला चिंधी होती. दोनला जेवलो, पाचला धाकटीची पहिली उलटी, सातपर्यंत तिन्ही मुलं आडवी. जखमेतल्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंचं विष अन्नात उतरलं की साधारण एक ते सहा तासांत असं होतं. डॉक्टरांचा संशय त्याच्यावरच होता. त्या पोराला मी दोष देत नाही. पहाटे पाचपासून तो उभा होता. बोट कापलेल्या माणसाला जखम भरेपर्यंत अन्नापासून लांब ठेवायचं असतं, तेही पगार न कापता. पण मग कारंज्याचं डिझेल परवडलं नसतं.

मॅनेजरनी या वेळी दोष पोहण्याच्या तलावाला दिला, आणि लगेच मागेही घेतला. "आमचं पाणी एकदम स्वच्छ, क्लोरीनचा वास बघा ना!" वास पाहिला. तलावाला असा डोळे झोंबवणारा वास येतो तो क्लोरामाइनचा. क्लोरीनची गाठ पोहणाऱ्यांच्या घामाशी आणि लघवीशी पडली की ते तयार होतं.

रात्री आईने, स्वतःची खाज विसरून, तुमच्याकडून लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मागून घेतलं आणि मुलांना चमच्याचमच्याने पाजत बसली. दुसऱ्या दिवशी बिलात ओळ होती : 'विशेष पेय, रु. १८०'. खाली दहा टक्के सेवा शुल्क. ते ग्राहकाच्या मर्जीवर असतं, आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगून ठेवलंय. तरी मी भरलं. मुलं गाडीत बसली होती आणि मला ती उतरवायची नव्हती.

आता तुमच्याकडून रोज फोनवर संदेश येतो : 'आमचा पाहुणचार कसा वाटला? पाच तारे द्या.' उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. हे पत्रच उत्तर समजावं. याची एक प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला पाठवली आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

कळावे, लोभ असावा. सुरमई नसावी.

आपला,
खोली क्रमांक चारमधला पाहुणा

ता. क. : १ जानेवारी २०२२ पासून खाद्य परवान्याचा क्रमांक बिलावर छापणं बंधनकारक आहे. तुम्ही तो छापला आहे, याबद्दल अभिनंदन. या क्रमांकात १४ अंक असतात. तुमच्या बिलावर १३ आहेत. मी तीनदा मोजले.