न झालेल्या बैठकीचा भत्ता

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या विधानसभेत एक स्थायी समिती होती. नाव लांबलचक: विशेषाधिकार, निवडणुका, सभागृहाचे नियम आणि छपाई. सदस्य २१, आणि सदस्यत्वाचे महिन्याला १००० डॉलर. मार्च २०१२मध्ये करदात्यांच्या एका संघटनेनं हे प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा लोकांना कळलं की २००८नंतर या समितीची एकही बैठक झालेली नाही. तीन वर्षांहून जास्त काळ ना विषयपत्रिका, ना इतिवृत्त. भत्ता मात्र चालू.

रक्कम मोठी नाही. तेलावर उभ्या असलेल्या प्रांताला ती चिल्लरच. मला संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इतक्या काळात एकाही सदस्याला बैठक लावायची गरज वाटली नाही. निवडणुकीचे नियम, आमदारांचे हक्क, सभागृहाचं कामकाज कसं चालावं, हे सगळं याच समितीच्या अखत्यारीतलं. तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, कारण सभागृहावाचूनच कुणाचं काही अडत नव्हतं.

प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष तिथे १९७१ साली पीटर लॉहीड यांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला. १९७९मध्ये तर त्यानं ७९पैकी ७४ जागा जिंकल्या. ३ मार्च २००८च्या निवडणुकीत प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, होते एड स्टेलमॅक. ८३पैकी ७२ जागा त्यांच्या पक्षाच्या. मतं जवळपास ५३ टक्के. पण मतदानच झालं होतं जेमतेम ४१ टक्के, तोवरच्या इतिहासातलं सर्वांत कमी. आता हिशेब करा: दर शंभर मतदारांमागे एकवीस-बावीस जणांनी या पक्षाला मत दिलं, आणि सभागृहाचे सत्त्याऐंशी टक्के त्याच्या ताब्यात गेले. साठ जण घरीच बसले. त्यांना आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. निकाल आधीच ठाऊक असेल, तर कामधंदा सोडून रांगेत कशाला उभं राहायचं?

समोरच्या बाकांवर उरले अकरा. लिबरलांचे नऊ, न्यू डेमोक्रॅटांचे दोन. लिबरलांना सव्वीस टक्के मतं होती, जागा अकरा टक्केही नाहीत. या अकरा जणांनी वीसहून जास्त खात्यांवर लक्ष ठेवायचं, अर्थसंकल्प वाचायचा, प्रत्येक विधेयकाचं कलम न् कलम तपासायचं आणि आपापले मतदारसंघही सांभाळायचे. माणसं कितीही हुशार असोत, हे शरीरानं झेपणारं काम नाही. विरोधकांना 'कमकुवत' म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा हे अकरा डोळ्यांसमोर आणावेत.

खरी चर्चा मग कुठे व्हायची? सत्ताधारी आमदारांच्या पक्षबैठकीत, बंद दाराआड. भांडणं तिथेच, मिटवामिटवी तिथेच. सभागृहात यायचा तो शिजलेला निर्णय, आणि तो फक्त वाढून घ्यायचा.

मे २००८ पाहा. निवडणूक होऊन अडीच महिनेही झाले नव्हते. प्रांतातली नऊ प्रादेशिक आरोग्य मंडळं मोडून सगळ्यांचं मिळून एकच अवाढव्य मंडळ करायची घोषणा झाली. लाखो लोकांच्या दवाखान्यांचा कारभार एका फटक्यात बदलला. पुढच्या वर्षी ५० क्रमांकाचं विधेयक आलं. अतिउच्च दाबाच्या मोठ्या वीजवाहिन्यांची गरज आहे का, हे तोवर स्वतंत्र आयोग सुनावणी घेऊन ठरवत असे. तो अधिकार मंत्रिमंडळानं स्वतःकडे घेतला. ज्यांच्या शेतांतून त्या तारा जाणार, ते शेतकरी खवळले. ही याच पक्षाची पिढ्यान्‌पिढ्यांची हक्काची मतं! पण सत्ताधाऱ्यांचे इतके हात वर झाले की हरकतीला जागा उरतेच कुठे? २०१२मध्ये त्याच पक्षाच्या सरकारला तो अधिकार सोडून द्यावा लागला. म्हणजे शेतकरी बरोबर होते. सभागृहानं त्यांचं नीट ऐकून घेतलं असतं, तर पुढची तीन वर्षं वाचली असती.

आणि नोव्हेंबर २०१०. एडमंटनच्या रुग्णालयांत तातडीच्या विभागांत रुग्ण तासन्‌तास ताटकळत होते. त्याच विषयावरची बैठक आटोपून आरोग्य मंडळाचे प्रमुख स्टीफन डकेट बाहेर पडले. पत्रकारांनी गाठलं. या गृहस्थांच्या हातात एक कुकी. प्रश्न आला की ते कुकी दाखवायचे आणि आपण ती खातोय असं सांगायचे. पत्रकार रस्त्याने सोबत चालत राहिले, हे कुकी पुढे करत राहिले. कॅमेऱ्यानं सगळं टिपलं. आई-वडिलांना स्ट्रेचरवर ठेवून वाट पाहणाऱ्या माणसाला ते दृश्य पाहून काय वाटलं असेल! आठवडाही झाला नाही तोच डकेट यांचं पद गेलं.

त्याच दिवसांत सत्ताधारी बाकांवरचा एक माणूस बोलला. डॉ. राज शर्मन, स्वतः तातडीच्या विभागातले डॉक्टर, शिवाय आरोग्यमंत्र्यांचे संसदीय सहायक. रुग्णांची ही परवड त्यांनी स्वतः जवळून पाहिली होती. आपल्याच सरकारनं दिलेला शब्द पाळला नाही, असं त्यांनी उघडपणे मांडलं. पक्षानं त्यांना आमदारांच्या गटातून बाहेर काढलं. रुग्णालयांतल्या रांगेबद्दल ज्याला सर्वांत जास्त कळत होतं, त्यालाच दार दाखवलं. त्या विधानसभेच्या साऱ्या कार्यकाळातली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही. पुढच्या सप्टेंबरात हेच शर्मन लिबरल पक्षाचे नेते झाले आणि तोच प्रश्न समोरच्या बाकावरून विचारू लागले.

मग समितीचं प्रकरण फुटलं. भत्ता घेणाऱ्यांत विरोधी बाकांवरचेही काही जण होते, हे लपवण्यात अर्थ नाही. एकच पक्ष चाळीस वर्षं सत्तेत राहिला की विरोधकांनाही त्याच घरातल्या सवयी लागतात. स्टेलमॅक यांच्या जागी आलेल्या ॲलिसन रेडफर्ड यांनी आधी थोडीच रक्कम परत करा म्हटलं. ऐन प्रचारात लोकांचा पारा चढलेला पाहिल्यावर आपल्या आमदारांना सगळे पैसे परत करायला लावले. २३ एप्रिल २०१२ला पक्ष पुन्हा निवडून आला, ८७पैकी ६१ जागा घेऊन. ज्या लोकांनी इतका त्रागा केला, त्यांनीच पुन्हा निवडून दिलं? दिलं. समोरच्या नव्या वाइल्डरोझ पक्षाची त्यांना जास्त धास्ती वाटली.

कॅल्गरी-एडमंटनमध्ये आता मराठी घरंही आहेत. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला, कुणाची लेक तिथल्याच रुग्णालयात. फोनवर थंडीच्या आणि बर्फाच्या गप्पा होतात. एकदा त्यांना हेही विचारा, की तुमच्या भागाचा आमदार कोण, तो कुठल्या समितीवर आहे, आणि त्या समितीची बैठक शेवटची कधी झाली.