हिमचक्रमीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन सांगून टाकावे, अशी आपल्याकडची रीत आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हिवाळी टायर. अधिकारी म्हणजे म्युनिकमध्ये नोकरी करणारा, सुझुकी जिम्नी नावाची आखूड फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी बाळगणारा आणि शनिवार उजाडला की आल्प्सकडे धावणारा मराठी मनुष्य. संबंध टायर आणि रस्ता यांचा. तो प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढ्या जागेत असतो. प्रयोजन एवढेच, की सदर मनुष्य रविवारी रात्री धडपणे घरी यावा.

प्रथम पूर्वपक्ष. हा चतुश्चक्रवाद्यांचा संप्रदाय. त्यांचे म्हणणे असे की, जिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो तिला वेगळे टायर कशाला? प्रमाण म्हणून ते प्रत्यक्षच दाखवतात. बर्फ पडलेल्या सकाळी शेजाऱ्याची लांबलचक सेडान जागच्या जागी चाके फिरवत बसते आणि आमची जिम्नी ४एच, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा गिअर, लावून त्याच्या देखत निघून जाते. हे प्रत्यक्ष खोटे नाही. मात्र ते निघण्याचे प्रत्यक्ष आहे. थांबण्याचे प्रत्यक्ष पुढच्या सिग्नलला येते, आणि तिथे साक्षीदार म्हणून विमा कंपनीचा माणूस लागतो.

याचे खंडन अनुमानाने होते. ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर काढायचे, तर वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावे. ताशी ५० किलोमीटर वेग धरला आणि कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ मानला, तर उत्तर सुमारे १२ मीटर येते. दाबून बसलेल्या बर्फावर ०.२ धरला तर सुमारे ५० मीटर. गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर ०.१ धरला तर जवळजवळ १०० मीटर. आता जिज्ञासूंनी हे सूत्र पुन्हा एकदा तपासावे. त्यात गाडीचे वजन नाही, किंमत नाही, ताम्हिणी घाटात पंधरा पावसाळे गाडी चालवल्याचा अनुभव नाही, आणि इंजिनाचा जोर किती चाकांना जातो तेही नाही. ब्रेक तर सेडानलाही चारही चाकांना असतात. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत यच्चयावत मोटारी समान आहेत, फरक पडतो तो घर्षणांकाचा. आणि घर्षणांकाचा जेवढा भाग माणसाला विकत घेता येतो तेवढा टायरच्या दुकानात मिळतो. उलट जिम्नीवाल्याला धोका अधिक, कारण सेडानवाला निघूच न शकल्यामुळे सुरक्षित राहतो.

विकत काय मिळते, तेही पाहू. उन्हाळी टायरचे रबर थंडीत ताठ होत जाते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका वगैरे घालून ते मऊ राहील अशी व्यवस्था केलेली असते. त्याच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात, आणि खाचांत अडकलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो. तापमान सात अंशांखाली गेले की टायर बदला, असे जर्मनीत घरोघरी सांगतात. हा सोयीचा नियम आहे, निसर्गाचा नव्हे. आठ अंशांना मऊ असलेले रबर सहा अंशांना दगड होत नाही. पण सर्वांना पाठ झालेला नियम मोडण्यात पांडित्य नाही.

या शास्त्राचे आद्य सूत्रकार फिनलंडचे. तिथल्या रबर कारखान्याने, म्हणजे आजच्या नोकियनने, १९३४ साली मालमोटारींसाठी हिवाळी टायर काढला आणि १९३६ साली छोट्या मोटारींसाठी हाक्कापेलिट्टा. हे नाव सतराव्या शतकातल्या, स्वीडनच्या राजासाठी लढणाऱ्या फिनिश घोडेस्वारांचे. पुढे टायरला खिळे ठोकणारा एक उग्र पंथ निघाला. त्याने बर्फ आणि बर्फाखालचा रस्ता दोन्ही खरवडले. जर्मनीने खिळे १९७५ पासून बंद केले. जपानमध्ये रस्त्याची इतकी धूळ उडू लागली की १९९० साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. खुद्द जिम्नी मूळची जपानीच, १९७० ची, तेव्हा ३५९ सीसीची. तिचा पाच दारांचा अवतार आता गुरुग्रामला तयार होऊन जपानला जातो. होक्काइदोच्या बर्फाला हरियाणाची गाडी भिडते, हा योग आमच्या विषयाबाहेरचा असला तरी नोंदवल्यावाचून राहवत नाही.

आता शब्दप्रमाण, म्हणजे कायदा. जर्मन कायद्याने टायरसाठी महिने ठरवलेले नाहीत, निसरडेपणाचे प्रकार ठरवले आहेत, आणि ते पाच आहेत: पाऊस गोठून झालेला काचेसारखा थर, तुडवलेला बर्फ, बर्फाचा चिखल, साचलेल्या पाण्याचा बर्फ, आणि गोठलेले दव. यांपैकी कोणत्याही एकावर अयोग्य टायरने सापडल्यास ६० युरो दंड आणि परवान्याच्या खात्यात एक गुण. इथे गुण मिळणे वाईट असते. आपण नेमके कोणत्या प्रकारावर घसरलो याविषयी पोलिसाशी वाद घालणे शास्त्रसंमत आहे, पण फलदायी नाही.

योग्य टायर कोणता, याबद्दल पूर्वी मतभेद होते. टायरवर ‘एम+एस’ लिहिलेले असले की पुरे, असा जुना पक्ष. पण ही अक्षरे कारखानदार स्वतःच्या जबाबदारीवर छापतो. त्यासाठी परीक्षा नसते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह मात्र बर्फावर चाचणी दिल्यावरच मिळते. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत केवळ एम+एसला हिवाळी टायरचा मान उरलेला नाही.

याचा सर्वांत मोठा आघात झाला तो रुबाबवाद्यांवर. जिम्नी घेणाऱ्यांत या पंथाचे प्राबल्य असते. चिखलासाठी केलेले, जाडजूड ठोकळ्यांचे टायर लावल्याने गाडी तिच्या आकाराच्या मानाने फार शूर दिसते. त्या ठोकळ्यांवर चिरा अगदी थोड्या असतात, त्यामुळे गोठलेल्या रस्त्यावर शौर्य फक्त दिसण्यापुरते उरते. डोंगर-हिमकणाचे चिन्ह असलेले ऑल-टेरेन टायर मिळतात. कायद्यापुरते ते चालतात, आणि छायाचित्रातही बरे दिसतात. बारमाही टायरवाले समन्वयवादी आहेत. त्यांचे मत शहरापुरते ग्राह्य. पण ज्याला दर शनिवारी घाट चढायचा आहे त्याने समन्वयाच्या भरीस पडू नये. मागे दोन हिवाळी, पुढे दोन उन्हाळी, असा अर्धा खर्च वाचवणारा एक चौथा पंथही आहे. जिम्नीत मधला डिफरन्शियल नसतो. ४एच लावल्यावर पुढची-मागची चाके एकाच गतीने जखडली जातात. तिथे दोन जातींचे टायर घालणे म्हणजे यंत्राला घटस्फोटाची कागदपत्रे देणे. हा पंथ खंडनासही योग्य नाही.

मुहूर्ताचा विचार केल्याशिवाय कोणताही मराठी ग्रंथ पुरा होत नाही. ऑक्टोबर ते ईस्टर, असे जर्मन परंपरा सांगते. ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. तेव्हा जगातले सर्वांत काटेकोर समजले जाणारे लोक आपले टायर शेवटी तिथी पाहूनच उतरवतात. ऑस्ट्रियात तारखा ठरलेल्या आहेत: १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्त्यावर हिवाळा असेल तर. सीमा ओलांडताना आणखी एक अट बदलते. हिवाळी टायरच्या खाचांची खोली तिथे किमान ४ मिलिमीटर लागते, जर्मनीत १.६ चालते. म्हणजे ३ मिलिमीटरचा टायर सीमेच्या अलीकडे हिवाळी आणि पलीकडे कायद्याने उन्हाळी असतो. अद्वैताला येथे मर्यादा पडतात.

कुंडली टायरच्या अंगावरच असते. ‘४७२३’ असे चार आकडे दिसले, तर जन्म २०२३ च्या सत्तेचाळिसाव्या आठवड्यातला. दुकानदार ‘नवीनच आहे’ म्हणाला तरी हे आकडे वाचावेत. वेगाच्या अक्षराची चिंता करू नये. हिवाळी टायरांत ‘क्यू’ हे खालचे अक्षर ताशी १६० किलोमीटरपर्यंतचे, आणि जिम्नी १४५ च्या पुढे जात नाही. उतरवलेले उन्हाळी टायर गॅरेजवाले भाड्याने सांभाळतात. त्या सोयीला जर्मन लोक टायरांचे हॉटेल म्हणतात. पुण्याहून आलेले सासू-सासरे बैठकीतल्या सोफ्यावर झोपतात, तो प्रश्न निराळा.

तेव्हा निर्णय असा: कंपनीने दिलेलेच माप ठेवावे, १९५/८० आर १५, अधिक रुंद करू नये. चारही एकाच जातीचे, डोंगर-हिमकणाचे, बारीक चिरांचे घ्यावेत. आणि गॅरेजची वेळ सप्टेंबरातच मागावी. पहिला बर्फ पडल्यावर फोन करणाऱ्याला बहुधा तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळते.